बंदुका आल्या, पगार आला, मग पोलीस का उभे राहिले नाहीत?

प्रश्न : अफगाणिस्तानात वीस वर्षे परदेशी पैसा ओतला गेला. प्रशिक्षक आले, गाड्या आल्या, बंदुका आल्या. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये तिथले पोलीसदल बघता बघता नाहीसे झाले. एवढे करूनही साधे पोलीस का उभे राहू नयेत? सैन्य भक्कम असले की तेवढ्यावर भागत नाही का? आणि आमच्या या सातपुड्याच्या पट्ट्यातही एके काळी मोठी बंडाळी होती, असे जुनी माणसे सांगतात. ती कशी थांबली?
— एक वाचक, देडतलाई (जि. बुऱ्हाणपूर)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, पैसा आणि हत्यारे असूनही पोलीसदल का कोसळते? दुसरी, सैन्य असताना पोलीस हवेतच कशाला? तिसरी, आपल्याकडे हे कसे घडले? मी शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. ती तुमच्या घराजवळची आहे आणि तिचे उत्तर नीट समजले की काबूलचे कोडेही बरेचसे सुटते.

देडतलाईहून बुऱ्हाणपूर, रावेर, जळगाव असे गेलात की पुढे धरणगाव लागते. दोनशे वर्षांपूर्वी या गावी एक पोलीसदल उभे राहिले, तेही युद्धाने पार मोडलेल्या मुलखात. खानदेशाची तेव्हाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. १८०२-०३ मध्ये होळकर-शिंद्यांच्या झगड्यात फौजांनी हा प्रदेश तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. मग पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. बुऱ्हाणपूर मात्र १८६० पर्यंत शिंद्यांकडेच होते. एप्रिल १८१९ मध्ये असीरगडही इंग्रजांच्या हाती पडला. किल्ला पडला की मुलूख शांत होतो असा आपला समज असतो. खानदेशात तसे झाले नाही. खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली.

इथे पहिला गैरसमज दूर करू. अशांत प्रदेशात आधी पोलीस नसतातच आणि कोणीतरी येऊन ते नव्याने तयार करायचे असतात, असे आपल्याला वाटते. खानदेशात राखणदारी होती आणि ती बऱ्याच ठिकाणी भिल्लांकडेच होती. घाटवाटा सांभाळायच्या, गावाची रात्रीची राखण करायची, चोरीचा माग काढायचा ही त्यांची कामे. त्याबद्दल गावाकडून धान्य मिळे, पैसा मिळे, वाटसरूंकडून वाटेचा कर मिळे. हे त्यांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. लढाया आणि दुष्काळाने गावेच ओस पडली, तेव्हा हे हक्कही बुडाले. ज्यांच्या हाती राखण होती त्यांच्या पोटाची सोय गेली, हत्यार मात्र हातात राहिले. त्यातून लूटमार वाढली. लोकांनी त्याला भिल्लांचा स्वभाव म्हटले. मुळात ते बुडालेल्या पोटगीचे फळ होते.

इंग्रजांनी आधी फौजेचा मार्ग धरला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या कारभारात डोंगरांच्या तोंडावर चौक्या बसल्या, तुकड्या जंगलात शिरल्या. १८१९ मध्ये भिल्लांचा म्होरक्या चील नाईक याला पकडून फाशी दिले. तरी उठाव थांबले नाहीत. एका नाईकाला संपवले की दुसरा पुढे येई. सातपुड्यातल्या हिवतापाने शिपाई आजारी पडत, वाटा दाखवायला माणूस मिळत नसे आणि तुकडी येण्याआधी बातमी डोंगरात पोचलेली असे. फौजेकडे ताकद होती, पण माहिती नव्हती. माहिती गावकऱ्यांकडे आणि डोंगरातल्या माणसांकडे होती, आणि ती फौजेला सांगण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर इथेच आहे. सैनिक शत्रूला हटवण्यासाठी तयार केलेला असतो. त्याचे काम एखादी टेकडी घेऊन होते किंवा एखादी तुकडी मोडून होते. पोलिसाचे काम ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तक्रारीने सुरू होते. तक्रार नोंदवायची, पंचनामा करायचा, साक्षीदार शोधायचा, आरोपीला जिवंत न्यायालयापुढे उभे करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात पुन्हा जायचे. या साखळीतली प्रत्येक कडी गावकऱ्याच्या इच्छेवर लटकलेली असते. त्याने तोंड उघडले नाही तर जगातले उत्तम हत्यारही चोर शोधून देत नाही. म्हणून सैन्य युद्ध थांबवू शकते, रोजची शांतता राखू शकत नाही.

आता खानदेशात १८२५ मध्ये काय बदलले ते पाहू. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण फिरवले. भिल्लांशी व्यवहार पाहण्यासाठी तीन स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. मागच्या गुन्ह्यांना माफी द्यायची, वसायला जमीन द्यायची, बैल-नांगरासाठी तगाई द्यायची, बारीकसारीक तंटे तिथल्या तिथे सोडवायचे ही त्यांची कामे. आणि डोंगरातल्याच माणसांचे एक दल उभे करायचे, हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले. धरणगावी उभे राहिलेले ते दल म्हणजे हीच खानदेशची भिल्ल पलटण.

या तरुण अधिकाऱ्याने भरतीची दवंडी पिटून कचेरीत वाट पाहिली नाही. तो डोंगरात गेला, नाईकांच्या सोबत राहिला, त्यांना दारू पाजली, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, पहारा न ठेवता त्यांच्या वस्तीत झोपला. तरी सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे आली. त्यातही अफवा उठली, की आपल्याला एकत्र जमवून मारून टाकण्याचा हा डाव आहे. ही अफवा वेडेपणाची म्हणू नका. पेशवाईच्या अखेरच्या काळात सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावी भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केली होती. सरकारने बोलावले की जीव जातो, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ती भीती पुसायला भाषण उपयोगी नव्हते. त्यासाठी कित्येक महिने त्यांच्यात राहावे लागले.

त्यानंतरचा एक प्रसंग फार बोलका आहे. नव्या भिल्ल शिपायांना मालेगावला नेले, तिथे औट्रमची स्वतःची जुनी पलटण होती. त्या पलटणीत उच्च मानल्या गेलेल्या जातींचे शिपाईही होते. भिल्ल मनातून धास्तावले होते, आपली टर उडवली जाईल असे त्यांना वाटत होते. त्या शिपायांनी मात्र त्यांना आपल्यात बसवून घेतले, खाऊ घातले, आपुलकीने गप्पा मारल्या. या वागणुकीचा परिणाम कवायतीपेक्षा मोठा झाला. ज्याला गावाने कायम चोर म्हटले, त्याला सरकारी गणवेशातल्या माणसाने बरोबरीने वागवले. ज्याच्याकडून लोकांचा मान राखण्याची अपेक्षा करायची, त्याला स्वतःला आधी मान मिळावा लागतो. जगभरातल्या पोलीस सुधारणांत सर्वात उशिरा आठवणारी गोष्ट हीच आहे.

१८२८ मध्ये जिल्ह्याच्या कलेक्टरने कळवले, की गेले सहा महिने जिल्ह्याने अशी शांतता अनुभवली आहे जी वीस वर्षांत दिसली नव्हती. म्हणजे फौजेने सात वर्षांत जे साधले नाही ते या मार्गाने तीन वर्षांत दिसू लागले. तरी काम तीन वर्षांत संपले असे मानू नका. औट्रम १८३५ पर्यंत, दहा वर्षे, त्याच कामावर राहिला. डोंगरातली माणसे आणि त्यांची भाषा ओळखणारा अधिकारी दर दोन वर्षांनी बदलला असता, तर तो विश्वास दर दोन वर्षांनी नव्याने कमवावा लागला असता.

ही कथा इथे थांबवली तर ती अर्धवट होईल. ते दल कोणाचे होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ते कंपनी सरकारचे होते. त्याला शांतता हवी होती ती महसुलासाठी आणि मुंबई-आग्रा रस्त्यासाठी. भिल्लांचे ऐकून कायदे झाले नाहीत. पुढे त्यांच्या जंगलावर सरकारी राखीव वनाचे कुंपण पडले. पण तडा त्याआधीच, १८५७ मध्ये दिसला. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी नोकरीतला माणूस. मध्ये त्याला तुरुंगवास झाला, सुटल्यावर पुन्हा कामावर घेतले गेले, आणि मग तो उठावात उतरला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. या उठावाला दडपायला सरकारने जी ताकद वापरली तिच्यात भिल्ल पलटणही होती. भिल्ल भिल्लाविरुद्ध उभा राहिला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगला पगार आणि चांगला अधिकारी यांनी दल उभे राहते. पण ते दल ज्या राज्याचे आहे ते राज्यच लोकांना आपले वाटत नसेल, तर तडा आतून जातो.

एवढे हातात घेऊन आता काबूलकडे वळू. २००२ मध्ये मदत करणाऱ्या देशांनी कामे वाटून घेतली. पोलीस जर्मनीने उभे करायचे, सैन्य अमेरिकेने, न्यायालये इटलीने, अफूविरोधी मोहीम ब्रिटनने. वाटणी कागदावर छान दिसते. पण पोलीस, न्यायालय आणि तुरुंग ही एकाच गाडीची चाके आहेत. पोलिसाने चोर पकडला आणि न्यायाधीश जागेवर नसेल किंवा विकला गेलेला असेल, तर चोर संध्याकाळी घरी असतो आणि तक्रार करणारा संकटात. असे दोनदा घडले की तिसरा माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. तो न्यायासाठी दुसरीकडे जातो. अफगाणिस्तानात अनेक गावांत लोक तालिबानच्या न्यायनिवाड्याकडे गेले ते प्रेमापोटीच गेले असे नाही. तिथे निकाल लवकर लागे आणि पैसे मोजावे लागत नसत, हेही मोठे कारण होते.

दुसरे कारण प्रशिक्षणाच्या घाईत आहे. जर्मनांनी अधिकारी घडवण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण सुरू केले. त्यातून माणसे फार थोडी निघत होती. मग अमेरिकेने साध्या शिपायांसाठी आठ आठवड्यांचे वर्ग काढले. पुढे संख्या वाढवण्याच्या दबावाखाली ते सहा आठवड्यांवर आले. भरती होणाऱ्यांत मोठा भाग निरक्षर होता. ज्याला वाचता येत नाही तो फिर्याद कशी लिहून घेणार, वाहनाचा क्रमांक कसा टिपणार, कायद्याचे कलम कसे पाहणार? म्हणून त्याला जे शिकवता आले ते बंदूक चालवणे. मग त्याला महामार्गावरच्या नाक्यावर उभे केले गेले, जिथे सैनिकाचे काम होते आणि सैनिकाची साधने नव्हती. पोलीस सैनिकांपेक्षाही जास्त संख्येने मारले गेले. अशा नोकरीत कोण टिकेल आणि कशासाठी?

तिसरे कारण पगाराचे, आणि त्याची एक घटना सांगण्यासारखी आहे. २००९ मध्ये वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांचा पगार प्रयोग म्हणून मोबाइल फोनवरून थेट त्यांच्या हाती दिला गेला. त्यातल्या काहींना वाटले आपल्याला पगारवाढ मिळाली. पगार तोच होता. आधी वरचे अधिकारी त्यातला वाटा कापून घेत होते, आणि पूर्ण पगार किती आहे हे शिपायाला माहीतच नव्हते. आता विचार करा, ज्याच्या पगाराला वरचा माणूस कात्री लावतो तो शिपाई ट्रकवाल्याकडून, भाजीवाल्याकडून पैसे उकळणारच. लोकांना तो रक्षक वाटणार नाही, लुटणारा वाटेल. शिवाय हजेरीपटावर असलेली पण जगात नसलेली नावे होती. त्यांचा पगार कोणाच्या तरी खिशात जात होता. २०२१ मध्ये कोसळले ते दल कागदावर होते त्यापेक्षा आधीच खूप लहान होते.

इराकमध्ये चूक वेगळ्या बाजूने झाली. मे २००३ मध्ये तिथल्या परकीय प्रशासनाने इराकी सैन्य एका आदेशाने बरखास्त केले. लाखो माणसे एका दिवसात बेकार झाली. हत्यार वापरायला येते, घरी चूल पेटत नाही आणि मान गेलेला आहे, अशी ही माणसे. त्यातली बरीच पुढे बंडखोरांत गेली. हक्क बुडालेल्या भिल्ल राखणदारांची आठवण तुम्हाला इथे झाली असेल. जुने दल जुलमी असते हे खरे. म्हणून चौकशी करून दोषींना काढावे आणि बाकीच्यांना शिकवून घ्यावे. सगळ्यांना एकदम घरी पाठवले तर आपण आपल्याच हाताने उद्याची बंडखोरी भरती करतो.

आता तुम्ही म्हणाल, मग खानदेशाचा धडा सोपा आहे. स्थानिक तरुण घ्या, काम झाले. इथे आणखी एक गैरसमज आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच शेजारी आहे. छत्तीसगडमध्ये २००५ पासून ‘सलवा जुडूम’ या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमले गेले. महिना ३००० रुपये मानधन, पाचवीपर्यंतचे शिक्षण पुरेसे, आणि हातात बंदूक. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर ही व्यवस्था घटनाविरोधी ठरवली. कमी शिकलेल्या गरीब मुलांना पुरेशा तयारीशिवाय मृत्यूच्या तोंडी देणे हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गावेही दुभंगली. एका पाड्यातला मुलगा दुसऱ्या पाड्यावर चालून गेला.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहा. तिथे १९९० मध्ये सी-६० हे पथक उभे राहिले. तेही स्थानिक तरुणांचे, माडिया आणि गोंडी बोलणाऱ्यांचे, जंगल पायाखाली असणाऱ्यांचे. फरक असा, की ते नियमित पोलीस होते. नोकरी कायमची, पगार आणि निवृत्तिवेतन राज्याचे, वर अधिकाऱ्यांची साखळी आणि चूक झाली तर जाब देण्याची बांधीलकी. या पथकाचीही किंमत मोठी होती. जवानांच्या घरच्यांना धमक्या आल्या, अनेक जवान मारले गेले, आणि काही चकमकींवर प्रश्नही उठले. अलीकडे तिथल्या दुर्गम पोलीस केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ चालते. तिच्यातून गावकऱ्याला जातीचा दाखला, आधार, सरकारी योजनांची कागदपत्रे मिळतात. बंदुकीचे काम असलेल्या ठाण्यात कागदांची खिडकी कशाला, असे वाटेल. पण माणूस ठाण्यात न घाबरता यावा म्हणून आधी त्याला तिथे येण्याचे चांगले कारण द्यावे लागते.

स्थानिक असणे आणि निःपक्ष असणे, दोन्ही एकाच दलात कसे आणायचे? उत्तर आयर्लंडचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तीस वर्षे रक्तपात झाला. जुने पोलीसदल, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी, जवळजवळ पूर्ण प्रोटेस्टंट होते. लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांहून जास्त, पोलिसांत सुमारे आठ टक्के. शांतता करारानंतर क्रिस पॅटन यांच्या समितीने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये दलाचे नाव, बिल्ला, शपथ सगळे बदलले. नव्या भरतीत दहा वर्षे निम्म्या जागा कॅथलिकांना ठेवल्या गेल्या. पोलिसांवर देखरेखीसाठी मंडळ बसले, तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लोकपाल आला. २०११ पर्यंत कॅथलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले. आजही तिथे सगळे सुरळीत आहे असे नाही, पण ठाण्यात जाणे म्हणजे शत्रूकडे जाणे ही भावना पुष्कळ ओसरली. लक्षात घ्या, आधी राजकीय समझोता झाला, मग पोलीस सुधारले. समझोत्याच्या आधीच पोलिसांकडून शांतता मागितली तर त्यांच्याकडे युद्धच सोपवले जाते.

तर तुमच्या तिन्ही शंकांचा निकाल असा. पैसा आणि हत्यारे असूनही पोलीस कोसळतात, कारण शिपायाच्या पगाराची चोरी होते, त्याच्यामागे न्यायालय उभे नसते, त्याला पोलीस म्हणून न वापरता स्वस्त सैनिक म्हणून वापरले जाते, आणि ज्या सरकारसाठी तो उभा आहे ते त्याला किंवा गावाला आपले वाटत नाही. सैन्याने हे काम होत नाही, कारण पोलीस माहितीवर चालतो आणि माहिती विश्वासातून येते. आणि सातपुड्यातली बंडाळी आटोक्यात आली ती माफी, पोटापाण्याची सोय, मान, आणि एकाच कामावर वर्षानुवर्षे टिकलेला अधिकारी या चार गोष्टींनी. त्या शांततेचा पाया परक्या सत्तेचा होता, म्हणून १८५७ मध्ये तिला तडा गेला.

पुढच्या वेळी कोण्या देशात इतके हजार पोलीस तयार झाले अशी बातमी वाचाल, तेव्हा त्या आकड्याजवळ थांबू नका. चार गोष्टी पाहा. पगार पूर्ण आणि थेट हातात पडतो का? पकडलेल्याचा खटला न्यायालयात चालतो का? दलात सगळ्या जमातींची माणसे आहेत का? आणि पोलिसाने अन्याय केला तर सामान्य माणसाला दाद मागायला जागा आहे का? ही पारख फक्त दूरच्या देशांसाठी नाही. तुमच्या गावात कोटवार ठाण्याला खबर देतो, पलीकडे धारणीच्या बाजूला ते काम पोलीस पाटील करतो. गावातली एखादी विधवा, एखादा कोरकू शेतमजूर त्यांच्यामार्फत किंवा स्वतः ठाण्यात जाऊन न भिता तक्रार लिहून देऊ शकतो का, यावरूनच आपल्या पोलिसांची योग्यता ठरते. तसे नसेल तर ग्रामसभेत, वरच्या अधिकाऱ्याकडे आणि न्यायालयात ते बोलून दाखवणे हा आपला हक्क आहे. पोलीसदल सरकार उभे करते खरे, पण त्याला सरळ ठेवण्याचे काम तुमच्या-माझ्यासारख्या नागरिकांनाच करावे लागते.